नगिनाचं करडू

फातिमाभाबीच्या शेळीला हात लावायचा तर आधी आपले हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. धुतले असं नुसतं सांगून भागत नाही, दाखवावे लागतात. लग्न होऊन मी कागलात आले तेव्हा एकदा हौसेनं तिच्या परड्यात धार काढायला बसले होते. कांदा चिरून तशीच गेले होते. तिनं माझी बोटं हुंगली आणि म्हणाली, "उठा वैनी. तुमी आपली भाजीच चिरा." मला इतका राग आला की पुढं कितीतरी दिवस मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग आमच्या थोरल्याला डांग्या खोकला झाला, शेळीचं दूध गल्लीत फक्त तिच्याकडं, आणि माझं वर चढलेलं नाक मुकाट्यानं खाली आलं.

आता दोघींचेही केस पिकले. माझी शाळेतली कारकुनी संपली, तिचं काम काही संपत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या परड्यावर उघडते, त्यामुळं सकाळचा चहा मी तिच्या शेळ्यांच्या कासा बघत पिते. आमचे हे म्हणतात, "लोक सकाळी पेपर वाचतात, विमलाबाई कासा वाचतात." म्हणू देत. बघण्यासारखंच असतं ते. कोमट पाण्यात लाल औषधाचा खडा टाकायचा, पाणी गुलाबी होईपर्यंतच. लाल झालं तर ओतून द्यायचं. प्रत्येक शेळीचं फडकं वेगळं. कास वरून खाली पुसत यायची, मग कोरड्या फडक्यानं टिपायची, कारण ओल्या कासेवरची घाण निथळून सडाच्या तोंडाशी येते. पहिल्या धारा भांड्यात नाही, काळ्या तव्यावर. दूध तव्यावरून नितळ पळालं तर ठीक. बारीकशी गुठळी दिसली तर ती शेळी बाजूला, तिची धार सगळ्यांच्या शेवटी, आणि ते दूध कुणाला द्यायचं नाही. धार झाली की सड औषधाच्या वाटीत बुडवायचे आणि शेळीच्या पुढ्यात पाला टाकायचा. खाण्याच्या नादात ती उभी राहते. लगेच खाली बसली तर सडाची तोंडं उघडी असतात, गोठ्यातली घाण आत शिरते. सगळं झाल्यावर भाबी हाताची पालथी बाजू कासेला लावून ऊब बघते. डेंग्यूच्या दिवसांत मोटारसायकलवरून माणसं शेळीचं दूध न्यायला येतात नि घाई करतात, "मावशी, पेशंट हाय, जरा लवकर." ती मान वर करत नाही. "पेशंट तुमचा, शेळी माझी," एवढंच म्हणते. भांडकुदळ बाई आहे. मीही कमी नाही, म्हणून तर आमचं जमतं.

तिचे मालक मीरासाबभाई गाद्या भरणारे. तरुणपणी खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. आता फोमच्या गाद्या आल्यात, त्यामुळं सायकलला पिशवी अडकवून बिद्रीकडच्या खेड्यांत जातात आणि कुणाची जुनी गादी उसवून, कापूस पिंजून परत भरून देतात. माणूस मुलखाचा अबोल. पण त्यांनी भरलेल्या उशीवर हात फिरवा, एक गाठ लागायची नाही. घरात त्यांची बोली वेगळी आहे. इतक्या वर्षांनी ती मला सगळी समजते, पण इथं मी त्यांचं बोलणं गल्लीतल्या बोलीतच सांगते.

सना ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी शाळेतून आली की दप्तर माझ्या ओट्यावर टाकायची आणि आईशेजारी कासा पुसायला बसायची. तिला जयसिंगपूरला दिली. जावई तोहिद मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे, पोरगा चांगला आहे. गेल्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, ऑपरेशन करावं लागलं, मुलगा झाला, आणि सना शुद्धीवर यायच्या आत तो गेला. थोडा वेळ श्वास घेतला त्यानं. कुणाची चूक नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं. पुढचं मात्र भाबीनं ठरवलं. "तिला तोंड दावू नगासा," ती म्हणाली. "बघितलं की वढ लागती, जल्मभर सुटत न्हाय." मीरासाबभाई आणि तोहिद पोराला कबरस्तानात घेऊन गेले. सना जागी झाली तेव्हा तिच्या शेजारी दुपट्याची घडी तेवढी होती.

सना रडली नाही. घरी आणली, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. खाल्लंस का विचारलं की "हं". दुखतंय का विचारलं की "हं". तोहिद दर शुक्रवारी यायचा, तिच्या पायाशी बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. भाबी माझ्या खिडकीशी येऊन रोज एकच गोष्ट सांगायची. "वैनी, पोरगी रडंना. एकदा रडली की सुटंल बगा. अशीच आत आत जायला लागली तर माझ्या हातची जाईल." त्या दिवसांत भाबीला दुसरं काहीच नको होतं. मला तिची फार दया यायची, आणि दया आली की मला राग येतो, म्हणून मी तिलाच रागवायची.

त्याच सुमाराला नगिना व्याली. नगिना म्हणजे भाबीची लाडकी शेळी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कास अशी की चालताना पायात यायची. तिचं करडू पोट फुगून मेलं. नगिना दिवसभर गोठा हुंगत ओरडायची आणि धारेला बसलं की पान्हा चोरायची. कासेत दूध भरलेलं आणि सडातून थेंब येईना. भाबीनं शेकलं, चोळलं, गोंजारलं, शिव्या दिल्या. कास दगडासारखी व्हायला लागली. "आता आत दूध नासलं की कास गेली," भाबी म्हणाली, "आनी कास गेली की शेळी गेली."

मग तिला तिच्या माहेरची, निपाणीकडची जुनी रीत आठवली. म्हशीचं रेडकू मेलं तर त्याचं कातडं काढून त्यात पेंढा भरतात आणि धारेच्या वेळी म्हशीपुढं उभं करतात. म्हैस चाटते आणि पान्हा सोडते. ओळखीच्या खाटकाकडून करडाचं कातडं काढून आणलं, मीठ-हळद चोळून सावलीत वाळवलं, आणि मीरासाबभाईंकडं दिलं.

ही खरं तर अर्ध्या तासाची करामत. चार टाके घालायचे, पेंढा कोंबायचा, पोत्यासारखं झालं तरी चालतं. जनावर वासावर जातं, रूपावर नाही. पण मीरासाबभाई कापसाच्या खोलीत शिरले, सनाच्या नजरेला पडू नये म्हणून दार लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आले. मी दूध आणायला गेले होते. ओसरीवर करडू निजलेलं दिसलं. पाय पोटाशी घेतलेले, मान जरा वळलेली, डोळे मिटलेले. "भाबी, ह्याला उघड्यावर का ठेवलंय, कावळे टोचतील की," असं मी म्हटलं आणि ते उचलायला वाकले. हातात आल्यावर कळलं. पेंढा नव्हताच आत. लग्नाच्या उशांसाठी ठेवलेला सावरीचा मऊ कापूस होता. डोळ्यांच्या पापण्या इतक्या बारीक टाक्यांनी शिवल्या होत्या की टाका शोधावा लागे. मी ते पटकन खाली ठेवलं.

"एवढं कशाला ओ मीरासाबभाई?" मी म्हटलं. "शेळीलाच तर फसवायचंय."

"कच्चं काम जमत न्हाय वैनी," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

नगिना फसली. तिनं ते हुंगलं, घशातून बारीक आवाज काढला, चाटायला लागली, आणि इकडं भाबीच्या बोटांत पान्हा उतरला. भाबीच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळ-संध्याकाळ ते करडू नगिनापुढं ठेवायचं, कास धुवायची, धार काढायची, आणि मग गोठ्याच्या टोकाला खुंटीवर टांगून वर पोतं टाकायचं. सनाला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी भाबीनं मला शपथ घातली होती. मला ते बघवायचं नाही. मी तेवढे दिवस खिडकीकडं पाठ करून चहा प्यायले.

एके संध्याकाळी भाबी खिडकीशी आली. तिचा आवाज खाली गेला होता, आणि हे तिच्या बाबतीत कधी होत नाही. "वैनी, करडाचं तोंड वलं हाय."

"नगिनानं चाटलं असंल."

"सकाळी चाटलं, त्ये वाळलं. दुपारभर खुंटीला हुतं. मी शेरडं घिऊन वढ्याला गेलते, नगिना तेवढी दाव्याला. आनी वास दुधाचा येतोय."

मी तिला उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओठांच्या टाक्यांवर पांढरं काहीतरी वाळलं होतं. तिसऱ्या वेळी ती मला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेली आणि करडू माझ्या हातात दिलं. "पोटाला हात लावा."

मी हात लावला. ते ऊन होतं. उन्हात तापलेला पत्रा असतो तसं नव्हे, अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेलं की गादी असते तसं. खुंटी सावलीत होती. नगिना रवंथ करत उभी होती, बाकी परड्यात चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, पत्र्याची धग लागली असेल. म्हणताना माझा मलाच विश्वास नव्हता. घरी येऊन मी हात साबणानं धुतले आणि तरी रात्री जेवताना डाव्या हातानं भाकरी मोडली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र चांगली होत होती. सना सुधारत होती. तिनं केस विंचरले. भिंतीकडचं तोंड वळवलं. एक दिवस आपणहून म्हणाली, "अम्मी, अळीवाची खीर करशील?" भाबीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं अळीव आणले, लसूण घालून भाजी केली, बाजरीची भाकरी केली, आणि सनानं सगळं चाटूनपुसून खाल्लं. "आज गुणगुणत हुती वैनी," भाबी मला सांगायला धावत आली. रडली नव्हती, पण गुणगुणत तरी होती. आम्ही दोघींनी देवाचे आभार मानले, तिनं तिच्या, मी माझ्या.

आणि मग नगिनानं करडू झिडकारलं. मी त्या दिवशी खिडकीत होते, मी डोळ्यांनी बघितलं. भाबीनं नेहमीसारखं ते पुढं ठेवलं. नगिनानं नाक लावलं, एकदम मागं सरली, दावं ताणलं, पाय आपटले. भाबीनं पुन्हा पुढं सरकवलं. नगिनानं मान खाली घातली आणि शिंगानं त्याला दूर लोटलं. रोज ज्याला चाटत होती त्याच्याकडं ती आता अशी बघत होती की जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. पान्हा आला नाही.

भाबी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "जनावराला दिसतंय वैनी. आपल्याला दिसत न्हाय."

"काय दिसतंय?"

ती म्हणाली, "आमचं पोरगं उपाशी गेलं. त्येला कुणी पाजलं न्हाई. उपाशी गेलेलं लेकरू दूध हुडकत फिरतंय म्हनं. त्ये ह्या करडात येऊन बसलंय. आनी आज ना उद्या त्येला आई कुठं हाय त्ये कळंल. मग ते तिला न्हेईल."

मी तिला चांगलीच झापली. म्हटलं, भर दुपारी दूध प्यायला येणारं भूत मी तरी ऐकलेलं नाही, धामण असेल नाहीतर मांजर असेल. "मग राख टाकू या," ती म्हणाली. शेरडं घेऊन निघण्याआधी तिनं चुलीतली राख चाळून गोठ्याच्या दारात पातळ पसरली. मांजर फिरलं असतं तर पंजा उठला असता, धामण सरकली असती तर ओळ उमटली असती. उन्हं उतरल्यावर आम्ही दोघींनी मिळून बघितलं. दाराशी राख जशीच्या तशी होती, चिमणीचं पाऊल नव्हतं. आणि करडाचं तोंड ओलं होतं.

खरं सांगते, मी भ्याले. मीरासाबभाईंना सांगितलं तर ते करडाकडं बघतच राहिले आणि म्हणाले, "पुरून टाकतो." पण त्यांनी ते पुरलं नाही. उचललं, हातात धरलं, आणि परत खुंटीला लावलं. भाबी त्यांच्यावर ओरडली. ते कापसाच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी भाबीला म्हटलं, तू शेरडं घेऊन नेहमीसारखी नीघ, ती ओढ्यावर तुझ्या जावेच्या हवाली कर आणि बोळातून माझ्या घरात ये. काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघू. ती आली. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात खिडकी किलकिली करून बसलो. टळटळीत ऊन होतं. गल्ली झोपलेली होती. गोठ्याच्या मागच्या अंगाला पाल्यासाठी फळीची झडप आहे, ती अर्धी उघडी होती आणि तिच्यातून नगिनाची पाठ दिसत होती.

बराच वेळ काही झालं नाही. मग नगिनानं कान वळवले. आतून पाणी पिळल्याचा आवाज आला. फडकं बुडवून पिळावं तसा. भाबीनं माझं मनगट पकडलं. पुन्हा तोच आवाज. मग गुणगुणणं सुरू झालं, आणि भाबी उठली.

आम्ही अनवाणी परड्यात उतरलो आणि झडपेशी गेलो. कापसाच्या खोलीची आणि गोठ्याची भिंत एकच आहे. तिच्यात खाली एक फळी आहे, पोती ओढून घ्यायला ठेवलेली, ती आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हती. फळी सरकवलेली होती, खोलीतून माणूस वाकून गोठ्यात येईल इतकी. खुंटी तिच्या वरच होती. सना भिंतीला टेकून खाली बसली होती. शेजारी कोमट पाण्याचं पातेलं, पाणी गुलाबी. तिनं ओढणी बाजूला केली होती आणि ती फडक्यानं स्वतःला पुसत होती, वरून खाली. मग कोरड्या फडक्यानं टिपलं. मग पहिले थेंब तिनं बोटावर घेतले, उजेडात धरून बघितले आणि टाकून दिले. लहानपणापासून आईशेजारी बसून जे शिकली होती ते एकेक करून ती करत होती, कुठं चुकत नव्हती. मग तिनं खुंटीवरचं करडू घेतलं, त्याची मान कोपरात ठेवली, आणि त्याचं शिवलेलं तोंड छातीशी लावलं.

माझ्या तोंडून किंकाळी येणार होती. मला आत शिरून ते मढं तिच्या हातातून हिसकून घ्यायचं होतं. भाबीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "पाजू दे," ती माझ्या कानात म्हणाली. "मधी उठवायचं नसतंय." आम्ही तिथंच उभ्या राहिलो. सना डुलत होती, गुणगुणत होती, मधूनच खाली बघून हसत होती. नगिना दाव्याच्या टोकाला, जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जाऊन उभी होती.

गुणगुणणं थांबल्यावर भाबी दारातून आत गेली. मी मागं. सना दचकली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "अम्मी, हळू. आत्ताच डोळा लागलाय."

भाबी तिच्याशेजारी खाली बसली. मग तिनं जे तिला येतं तेच केलं. हाताची पालथी बाजू लेकीच्या छातीला लावली. आणि हात मागं घेतला.

"सना, किती दिवस झालं?"

"काय?"

"ताप हाय तुला. एक बाजू दगड झालीया." भाबी म्हणाली. "रोज मी नगिनाच्या कासेला हात लावत हुते ग. आनी तुला इचारलं न्हाय. गोळी दिलती डॉक्टरनं, दूध बंद व्हायची."

"घेतली न्हाय," सना म्हणाली. "तो काय पिणार मग?"

"ह्येला वढता येत न्हाय बेटा," भाबी म्हणाली. "ह्येच्या तोंडाला टाकं हाईत. दूध तुझ्या आतच थिजायलंय."

सनानं करडाकडं बघितलं. त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं, एकेक टाका मोजावा तसं. "मग कोण वढंल?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. भाबीनं डोळे मिटले. मी वाट बघत होते की ती काहीतरी गोड बोलेल, अल्लाची मर्जी म्हणेल, पुढं दुसरं होईल म्हणेल. ती म्हणाली, "कुणी न्हाय. तुझा पोरगा गेला सना. मी तुला दावला न्हाय. मला वाटलं, बघितलास तर तुला वढ लागंल."

"कसा हुता?"

"केस लई हुते. काळंभोर, कानावर आलेलं. नाक तोहिदचं. हाताची बोटं तुजी, लांब."

"रडला?"

"बारीक रडला. एकदाच."

"केवढा हुता, अम्मी?"

भाबीनं माप दाखवायला दोन्ही हात उचलले. मागून कुणीतरी म्हणालं, "तेवढाच." मीरासाबभाई दारात उभे होते. केव्हा आले होते कळलं नाही, सायकलची पिशवी अजून खांद्यावर होती. "तुझ्या मांडीवर हाय तेवढाच. मी दोन्ही हातांवर न्हेला हुता त्येला. पेंढाच भरणार हुतो ग. मूठभर कापूस घातला आनी हाताला काय तरी लागलं. मग थांबताच येईना. हातात त्येवढं वजन येस्तोवर भरत गेलो."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द ऐकले नव्हते. सनानं ते करडू दोन्ही हातांनी उचललं आणि बापापुढं धरलं.

"दाखवा," ती म्हणाली. "कसा न्हेलासा?"

मीरासाबभाईंनी पिशवी खाली टाकली. ते गुडघ्यावर बसले, हात पुढं केले, आणि ते घेतलं. घेताना करडाचं डोकं एका बाजूला कललं.

"मान," सना पटकन म्हणाली आणि तिनं हात घातला. "अब्बा, मान धरायची असती. ल्हान असतंय."

"धरली हुती बेटा," मीरासाबभाई म्हणाले. "खाली ठेवस्तोवर धरली हुती."

तेव्हा सना रडली.